नगाऱ्याचं ताट

शप्पथ घेऊन सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे मी नव्हतो, माझे खापरपणजोबा होते. तसे तेही तिथे नव्हते, शेजारच्या राज्यात दुपारचे घोरत पडले होते. पण तिथली हाक ऐकून ते अंथरुणात ताडकन उठून बसले, एवढं आमच्या घरात सगळेच सांगत. तेव्हा लहानांनो आणि मोठ्यांनो, विश्वास ठेवा नि ऐका.

फार फार मागे, डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हा, सात डोंगरांच्या मधोमध एक राज्य होतं. त्या राज्याला शत्रू एकच, धुकं. ते दिवसाढवळ्या यायचं आणि आलं की माणसाला स्वतःचा हात दिसायचा नाही. वर विस्तीर्ण पठार, आणि चालता चालता जमीन संपली की खाली एकदम कडा.

म्हणून वेशीच्या बुरुजावर एक कुत्रा असे. नाव त्याचं नगारा. धुकं उतरलं की तो तोंड वर करून हाक द्यायचा. काय सांगू ती हाक! रांजणातल्या पाण्यावर वलयं उठायची. गवतावरचं दंव गळून पडायचं. सातव्या डोंगरावरची मेंढरंसुद्धा माना वळवायची, आणि वाट चुकलेली माणसं त्या आवाजाचा हात धरल्यासारखी घरी यायची.

राजाचा नगाऱ्यावर फार जीव. म्हणून त्याने ठरवलं की नगाऱ्याने यापुढे राजवाड्यातच जेवायचं. चांदीच्या ताटात, साजूक तूप घालून, दूधभात. सकाळी दूधभात, संध्याकाळी दूधभात. दुसऱ्या कशाला तोंड लावायचं नाही.

हा नियम जपायचे मुदपाकखान्याचे मुख्य आचारी. ते सगळ्यांना समजावत, "इमानी कुत्र्याला एकच चव ठाऊक हवी. दहा चवी चाखल्या की तो दहा दारं हुंगत फिरेल, आणि मग राजाचा कसा राहील?" लोकांना हे पटलं. राजाला तर फारच पटलं.

तीन वर्षं गेली. नगाऱ्याचं पोट गरगरीत झालं आणि पाय काटकुळे झाले. पाठीवरचे केस झडले. बुरुजाच्या पायऱ्या चढताना त्याचे मागचे पाय लटपटू लागले. आणि त्याची ती हाक? ती तटाखालच्या चिंचेपर्यंतही पोचेना. गेल्या धुक्यात ठकूबाई धनगरणीचा दीर कड्यावरून गेला. त्या दिवशी नगारा घसा फुटेस्तोवर ओरडला होता. दिराला ऐकूच आलं नाही.

गवतकापणीला तीन महिने उरले. कापणीला अख्खं गाव पठारावर जायचं आणि पहिली पेंढी राजाने कापायची, अशी तिथली रीत. त्यात धुकं आलं तर? राजाने वैद्य आणले, काढे झाले, गळ्यात ताईत बांधले. शेवटी ठकूबाई स्वतःच दरबारात आली. नगाऱ्याच्या तोंडात बोट घालून तिने हिरड्या पाहिल्या. पांढऱ्याफटक.

"म्हाराज, ह्याचं दुखणं ह्याच्या ताटात हाय."

आचारी उसळले. "बाई, हा राजवाडा आहे, मेंढवाडा नाही! चांदीचं ताट आहे ते."

"ताट खातंय व्हय कुत्रं?" ठकूबाई म्हणाली. "म्हाराज, तुमी आठ दिस ह्येच खाऊन बघा. दुसरं काय बी न्हाई."

राजा हट्टी होता. म्हणाला, "त्यात काय!" पहिल्या दिवशी त्याने मिटक्या मारल्या. तिसऱ्या दिवशी ताट बघून तोंड फिरवलं. पाचव्या दिवशी तो पागेत उभा राहून घोड्याच्या तोबऱ्यातल्या हरभऱ्याकडे टक लावून बघत होता. आठव्या दिवशी त्याने दरबारात हुकूम सोडला, तर पुढच्या रांगेलासुद्धा "काय म्हणालात, महाराज?" असं विचारावं लागलं.

राजा उठला आणि नगाऱ्याच्या शेजारी जमिनीवर बसला. "लेका, तीन वर्षं खाल्लंस तू हे," तो म्हणाला. "आणि एकदाही कुरकुरला नाहीस."

त्या दिवसापासून नगाऱ्याचं जेवण ठकूबाईच्या हाती गेलं. तिने एकदम बदल केला नाही. रोज दूधभात चमचाभर कमी, नवं चमचाभर जास्त. कधी मटणाचे तुकडे, कधी काळीज, कधी नदीतला मासा काटे काढून, कधी उकडलेलं अंडं. त्याच्या जोडीला नाचणीची भाकरी कुस्करून, लाल भोपळा, गाजर, माठाची पानं, वर पळीभर ताक. दर दिवशी वेगळ्या घरातून थोडं थोडं यायचं, आणि दारोदार तिची एकच ताकीद असायची. "मीठमसाला पडायच्या आदी काढा. कांदा, लसूण न्हाई. मनुका न्हाईत. शिजवलेलं हाड तर न्हाईच न्हाई, त्याची कुसळं आतड्यात जात्यात."

आचाऱ्यांनाही आठवड्यातून एकदा काळीज शिजवावं लागे. ते शिजवत आणि पुटपुटत, "झालं, आता हा साऱ्या गावाचा झाला."

नगारा भरला. केस आले, डोळे चमकले, दोन दोन पायऱ्या गाळत तो बुरुजावर जाऊ लागला. पण त्याने हाक काही दिली नाही. धुक्याशिवाय तो कधीच ओरडत नसे, आणि धुकं आलं नव्हतं. आवाज परतला की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. आचारी तर उघड म्हणायचे, "मुका केलात त्याला."

कापणीचा दिवस उजाडला. अख्खं गाव पठारावर गेलं. मागे राहिली ठकूबाई आणि बुरुजावर नगारा. राजाने पहिली पेंढी कापली, गाणी सुरू झाली, आणि ऐन दुपारी गाणं अर्ध्यावर तुटलं. धुकं आलं होतं.

बायका पोरांना हाका मारू लागल्या. हाका धुक्यातच बुडाल्या. राजा चाचपडत चार पावलं गेला. पायाखालचा एक दगड निसटला. राजा तो पडल्याचा आवाज ऐकायला थांबला. खूप वेळ थांबला. आवाज आलाच नाही.

आणि मग हाक आली.

मी काय वर्णन करणार! पहिल्यांदा ती कानांनी ऐकली नाहीच, तळपायांनी ऐकली. डोंगर आतून घुमला. दगडांवरचं शेवाळ थरथरलं. गवताच्या पात्यापात्यावर धुक्याचे थेंब झाले आणि टपाटपा गळले. कड्याच्या टोकावर उभ्या राजाने डोळे मिटले, हात जोडले आणि त्या आवाजाकडे वळून चालू लागला. चहूबाजूंनी माणसं चालू लागली. म्हाताऱ्यांनी पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या होत्या, देवळात शिरताना काढतात तशा.

राजा वेशीत पोचला. धावत बुरुज चढला आणि नगाऱ्याच्या गळ्यात पडला. "आलो रे, मी आलो! बस आता."

नगारा थांबला नाही. राजाला बाजूला सारून त्याने पुन्हा तोंड वर केलं.

"अरे, मी राजा आहे. मी आलो ना?"

ठकूबाई म्हणाली, "तुमी आला, म्हाराज. पर समदे कुटं आलं?"

एकेक घर येत होतं. नगारा हवा हुंगायचा आणि पुन्हा हाक द्यायचा. माणसं आली, मेंढरं आली, शेवटची म्हातारी आली. तरी तो थांबेना. मग सगळ्यांच्या लक्षात आलं, राजाचा डबा घेऊन पठारावर निघालेले आचारी कुठे आहेत?

बऱ्याच वेळाने धुक्यातून एक आकृती रांगत आली. पायात एकच वहाण, डोक्यावर पालथा डबा. नगाऱ्याने हुंगलं, एकदा शेपटी हलवली आणि गप्प बसला.

आचारी त्याच्यासमोर मटकन बसले. राजाकडे बघून हळूच म्हणाले, "महाराज, मला वाटलं होतं, दहा घरचं खाल्लं की इमान वाटलं जाईल."

"वाटलं गेलंच," राजा म्हणाला. "आणि बघ, केवढं वाढलं."

त्यानंतर त्या राज्यात फोडणीआधी नगाऱ्याचा वाटा काढून ठेवायची रीत पडली. चांदीचं ताट कोनाड्यात गेलं. धुक्यात मात्र पुन्हा कुणी हरवलं नाही.

म्हणून, ज्याच्यावर माया करता त्याच्या ताटात आपली हौस वाढू नका. त्याच्या अंगी लागेल असं, निरनिराळं वाढा.

आता एक कबुली देऊन टाकतो. यातला राजा मी रचलेला आहे. स्वतःची चूक समजून घ्यायला आठ दिवस दूधभात खाईल असा राजा मला कुठेच सापडला नाही, म्हणून करावा लागला. कुत्रा खरा होता.