खुणेपर्यंत भरलेलं

"मग काय वस्ताद, गिअरबॉक्स उतरवू ना?"

भरमाच्या हातात पाना तयारच होता. गारगोटीच्या त्या गॅरेजात तो रसूल वस्तादांच्या हाताखाली घडला होता. आपलं निदान चुकत नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. फारसं चुकतही नसे, पंचाईत तिथंच होती.

गाडी देवमोरे बाईंची. त्यांचा डावा पाय लहानपणीच लुळा पडलेला, म्हणून बिनक्लचची, ऑटोमॅटिक. तिच्यातूनच त्या घाटापलीकडच्या शाळेत शिकवायला जात. आता चढाला आतून घूं घूं आवाज यायचा, इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. गिअरबॉक्स उतरवला तर महिनाभर गाडी उभी. आणि शाळेतली हंगामी नोकरी काही तेवढी थांबणार नव्हती. बाई बाकावर बसून ऐकत होत्या.

"गिअरबॉक्सचं तेल बघितलंस?" वस्तादांनी विचारलं.

"सकाळीच. इंजिन बंद, गाडी गार. खुणेपर्यंत भरलंय. आतल्या प्लेटाच गेल्यात."

वस्ताद किल्ली घेऊन निघाले.

गाडीत जाऊन बसले. इंजिन सुरू करून चांगलं तापू दिलं. ब्रेक दाबून गिअरची दांडी एकेका घरातून फिरवली, परत पार्कवर आणली. मग इंजिन तसंच चालू ठेवून भरमाला तेल मोजायची पट्टी काढायला सांगितली.

पट्टीचं नुसतं टोक ओलं होतं.

भरमानं ती पुसली, पुन्हा बुडवली. तेच.

"सकाळी होतं की वस्ताद... गेलं कुठं?"

"कामावर गेलं."

भरमाच्या आता ध्यानात आलं. इंजिनचं तेल बंद गाडीत मोजतात. तोच नियम त्यानं या गिअरबॉक्सला लावला होता. गाडी चालू असताना यातलं तेल वर फिरत असतं, बंद झाली की ते खाली उतरतं आणि कमी असलं तरी भरलेलं दिसतं.

तो गाडीखाली शिरला. रेडिएटरकडं जाणारी तेलाची नळी जोडापाशी पाझरत होती. त्यानं नळी बदलली, तेल भरलं, पुन्हा चालू गाडीत मोजलं. बाईंनी स्वतः गाडी चढावर नेऊन आणली. आवाज नाही, घसरणं नाही. निघताना त्यांनी भरमाचे आभार मानले. शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

गाडी गेली तसा तो बाकावर बसला. चांगला गिअरबॉक्स आपण फाडणार होतो, एका बाईची भाकरी घालवणार होतो, एवढंच डोक्यात फिरत होतं. वस्तादांना त्याची दया आली. ते जवळ येऊन उभे राहिले.

"वस्ताद, खरं सांगा... माझ्यात काही हाय का न्हाई?"

वस्तादांनी त्याला उठवायला हात पुढं केला.

"बसलेल्या माणसाचं मी काय सांगू बाबा? ऊठ, कामाला लाग. मग बघून सांगतो."