एक डबा, तीन राण्या

गजेंद्रराजांच्या राजवाड्यात संगणक एक आणि राण्या तीन, मग रोजचा तमाशा ठरलेलाच! थोरलीला पाककृती लिहायच्या, मधलीला सोंगट्या खेळायच्या, धाकटीला माहेरी पत्र धाडायचं, आणि तिघींनाही आत्ताच. दुसरा संगणक घ्यावा तर महाराज पडले हट्टी. त्यांनी संगणकाचा राखणदार रखमाजी याला बोलावून फर्मावलं, की संगणक एकच राहील, तिघी एकाच वेळी बसतील, आणि एकीचं दुसरीला दिसता कामा नये. पौर्णिमेपर्यंत जमलं नाही तर रखमाजीने बिऱ्हाड उचलावं आणि राज्याबाहेर चालतं व्हावं.

रखमाजीच्या तोंडचं पाणीच पळालं. त्याची लेक हौसा मात्र बिनघोर.

"बा, थोरल्या राणीसाहेबांना एक अक्षर सापडेपर्यंत तो संगणकाचा डबा नुसता बसून असतो. अंगात बळ आहे, काम नाही. आपण देऊ की!"

तिने कोठारातून आणखी दोन पडदे नि दोन कळफलक आणून त्याच डब्याला जोडले. त्यातल्या लिनक्सला, म्हणजे डब्याचा सगळा कारभार हाकणाऱ्या प्रणालीला, कोणता कळफलक कोणत्या पडद्याचा ते बजावलं. घाईत अदलाबदल झाली आणि थोरलीची भरली वांगी धाकटीच्या पत्रात उमटली! माहेरी जाण्याआधी पत्र अडवलं म्हणून बरं. मग हौसाने चूक सुधारली आणि प्रत्येकीला वेगळं नाव, वेगळा परवलीचा शब्द दिला.

पौर्णिमेला महाराज आले, तीन पडदे बघून भडकलेच. हौसाने त्यांना मेजाखाली वाकायला लावलं. डबा खरंच एक! पण हरतील ते गजेंद्रराजे कसले? त्यांनी राण्यांना विचारलं, संगणक कोणाचा? तिघी एकदमच म्हणाल्या, "माझा एकटीचा!"

"ऐकलंस?" महाराज गरजले. "वस्तू एक, आणि तिघींना वाटतं आपल्या एकटीचीच! असं जगात दुसरं काही असतं का? आत्ताच्या आत्ता दाखव, नाहीतर बिऱ्हाड उचला!"

रखमाजीने डोळे मिटून घेतले.

"दाखवते की," हौसा म्हणाली. "महाराजांनी जरा आरशात बघावं."

तिन्ही राण्यांनी पदर तोंडाशी धरले. महाराजांनी खरोखरच आरशाकडे बघितलं, मिशीवर हात फिरवला, आणि असे हसत सुटले की फेटा सुटून गळ्यात आला. रखमाजीची चाकरी कायम झाली. हौसाला काय हवं ते मागायला सांगितलं, तर तिने त्याच डब्याला चौथा पडदा मागून घेतला, स्वतःसाठी.