वंगणाची रेघ

"शंभरातली अठ्ठ्याण्णव अंडी काळी पडली, आक्का. याहून जास्त काय पाहिजे?"

भरतेशने पतंगाची अंडी चिकटवलेलं कार्ड घातलेली बाटली पुढे केली. पद्माक्का गूळ फोडत होत्या. त्या फोडतच राहिल्या.

उसाच्या कडेला पत्र्याची एक खोली. तिथे आक्का बावीस वर्षं टाचणीच्या टोकाएवढ्या माश्या पाळत आल्या. ही माशी पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. अंडं काळं पडतं, आणि त्यातून ऊस पोखरणारी अळी न निघता माशीच निघते. आक्का चौथी शिकलेल्या. भरतेश एम.एस्सी., आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

त्याला स्वतःची प्रयोगशाळा काढायची होती. त्यासाठी आक्कांकडच्या मूळ माश्या हव्या होत्या, आणि त्यांचा होकार. तेवढ्यासाठी तो तीन वर्षं या खोलीत राबला होता.

"किती पिढ्या झाल्या ह्या बाटलीत?"

"पस्तीस. बाहेरचा वारा लागू दिला नाही."

"व्हय..."

आक्का उठल्या. बूड बंद केलेला काळ्या पाइपचा हातभर तुकडा आणला. तळाशी भरतेशचं कार्ड ठेवलं. मोटारीचं वंगण बोटावर घेऊन आतून गोल रेघ ओढली आणि तोंडावर काच ठेवली.

"हे कशाला?"

"उद्या बघू."

सकाळी दोघं पाइपवर वाकले. भरतेशने भिंग लावलं. उजेडाकडे उडून काचेपर्यंत सात माश्या पोचल्या होत्या. बाकी सगळ्या वंगणात, एकीमागे एक चिकटलेल्या.

त्याने भिंग एकेका माशीवरून फिरवलं.

"पंख तर धड आहेत सगळ्यांचे."

"हायेत की."

"मग चालत का आल्या?"

"बाटलीत अंडी किती लांब असत्यात?"

"दोन बोटांवर..."

भरतेशला लाज वाटली, पण नवल त्याहून मोठं होतं.

"मग यांना उडायला शिकवायचं कसं?"

"मला न्हाई ठाऊक. मी दर वर्साला रानातनं नव्या आणते."

"कुठल्या रानातून?"

"तीन वर्सं हितं हाईस. ह्या भिंतीपल्याड ऊस कंचा लावलाय?"

भरतेशने भिंतीकडे पाहिलं. त्याला सांगता येईना.

"म्हणजे मला माश्या देणार नाही तुम्ही."

आक्कांनी फळीवरची एक रिकामी बाटली आणि वंगणाचा डबा घेतला आणि त्या बाहेर गेल्या. मग वळून वाकल्या. वंगणात पुन्हा बोट बुडवून त्यांनी उंबऱ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली.

भरतेश उंबऱ्यापाशी येऊन थांबला. त्याने रेघ पाहिली. मग आक्कांच्या हातातली बाटली पाहिली, आणि त्यांच्या पाठीमागचा ऊस...

"ये की," आक्का म्हणाल्या. "चालत नगं."