हौदातली काच

एकदा एका तालमीत सर्जेराव नावाचा पठ्ठ्या वस्तादांपुढे मान खाली घालून उभा राहिला. एरवी तो मैदानात शड्डू ठोकणारा गडी. कुस्तीच्या बक्षिसांचे दोन लाख त्याने मोबाइलवरच्या कुठल्याशा आभासी नाण्यात घातले होते. पडद्यावर त्यांचे पाच लाख झालेले दिसत. काढायला जावे तर ‘आधी कर भरा’ असा निरोप येई. कर भरला, तरी दमडी हाती आली नाही.

“माझं गेलं ते गेलं, वस्ताद. पण उद्या आपल्या तालमीतला हिंदुराव दोन्ही म्हशी विकून त्यातच पैसे घालतोय, मी घातलेत म्हणून. त्याला तेवढं थांबवा. माझं नाव मात्र घेऊ नका. एवढा पैलवान फसला म्हणून गाव दात काढील.”



दुसऱ्या दिवशी वस्ताद पायाला फडके बांधूनच आले. सगळ्यांना थांबवून म्हणाले, “काल कुस्तीच्या हौदात माझ्या पायात काच गेली. सत्तरी आली, तरी खाली बघून पाय टाकला नाही. चूक माझीच. पण अजून तुकडे असतील. चाळा माती.”

सर्जेराव मनात चरफडला. आपण सांगितले काय, आणि म्हातारा करतोय काय! पण वीस गडी मुकाट्याने माती चाळू लागले. तासाभराने बोटभर काच निघाली.

वस्तादांनी सर्जेरावाला जवळ बोलावले. “मला कोणी हसलं का रे?”

“नाही, वस्ताद.”

“काच कुठं आहे, हे ज्याला लागते त्यालाच ठाऊक असतं. मी लाजेपोटी गप्प बसलो असतो, तर पुढच्याचा पाय मीच कापला असता. फसवणाऱ्यांचं पोट आपल्या लाजेवर भरतं, पोरा. तुझी काच तूच दाखव.”

सर्जेराव हौदाच्या काठावर उभा राहिला आणि त्याने सारे सांगून टाकले. हिंदुरावाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने तिथूनच म्हशींचा सौदा मोडल्याचा फोन केला.

इतक्यात मागून गड्यांमधला थोरला भैरू चाचरत म्हणाला, “माझेही ऐंशी हजार त्यातच गेले. सहा महिने झाले.”

सर्जेरावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा महिने! मग मला सांगायला काय धाड भरली होती? शब्द अगदी ओठांवर आले. पण समोर हिंदुराव त्याच्याकडेच पाहत होता. सर्जेरावाने ते शब्द गिळले आणि भैरूचा हात धरला.

“चल, तक्रार द्यायला बरोबरच जाऊ.”