मुजऱ्याची अक्षरं

अप्पासाहेब डोईफोडे समोर आले की साऱ्या गावाने कमरेत वाकायचं, असा त्यांचा खाक्या. वाचनालयाच्या समारंभाला तेच प्रमुख पाहुणे. ग्रंथपाल कुमुदताईंनी पेन्सिल न लावता, नुसत्या कात्रीने पातळ घोटीव कागदाची टपोरी अक्षरं कापली आणि पडद्यावर त्यांचं नाव टाचलं. कागद संपला, म्हणून खालचं त्यांच्या पत्नीचं, सौ. वत्सलाबाईंचं नाव तेवढं जाड पुठ्ठ्याचं केलं.

अप्पासाहेब स्टेजवर चढले आणि कडाडले, "हे काय? माझ्या नावातलं एक अक्षर धड उभं नाही! दारू पाजलीत की काय त्यांना?"

कुमुदताईंची जीभ मात्र शाबूत होती.

"अहो साहेब, मघापर्यंत ताठच होती. तुम्ही आलात तशी मुजऱ्याला वाकली. म्हणत असाल तर करते पुन्हा ताठ, तुमच्यापुढे, भर सभेत."

"छे छे, राहू द्या!" अप्पासाहेबांनी खुशीत मिशीवरून हात फिरवला. मग त्यांची नजर खाली गेली. "पण ही दुसरी ओळ का नाही वाकली?"

"ते वहिनीसाहेबांचं नाव आहे."

पहिल्या रांगेतून वत्सलाबाईंनी नुसतं वर पाहिलं. हार घालून घ्यायला अप्पासाहेब आपल्या अक्षरांहूनही जास्त वाकले.