फुकटचे पोपट

उग्रसेन महाराजांनी घरटी एक पोपट फुकट वाटला आणि तिथून राजधानीची वाचाच बसली!

पोपट मोठे गुणी. दिवसभर घरातलं सगळं ऐकायचे, सांजेला राजवाड्यावर जाऊन ओकायचे आणि सकाळी नवा पाठ घेऊन परतायचे. कुणी नुसतं "गुडघा दुखतोय" म्हणायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी पोपट सुरू, "तेल घ्या! प्रधानजींच्या मेहुण्याचं तेल घ्या!" घेतलं तरी सुटका नाही. "शेजारणीनं दोन बुधले घेतले!" घरोघरी बुधल्यांची रांग लागली. गुडघे दुखायचे ते दुखतच राहिले.

भागू कासारीण दारोदार बांगड्या भरायची. बाई बोलत राहिली की तिचा हात सैल राहतो, ही त्या धंद्यातली खरी खुबी. पण आता पोपटाच्या धाकानं बायकांची तोंडं बंद आणि हात आवळलेले. बांगड्या फटाफट फुटू लागल्या! भागू तणतणत दरबारात गेली.

"महाराज, पोपट परत न्या! माझा धंदा बुडाला!"

"वर्षभरात एकाही घरातून तक्रार आली नाही!" राजा गुरकावला.

"पोपटासमोर पोपटाला नावं कोण ठेवणार, सरकार?"

"ज्याच्या मनात पाप नाही, त्याला पोपटाचं भय कसलं? आठ दिवसांत 'पोपट नको' म्हणणारा एक तरी माणूस इथे उभा कर. नाहीतर पेटारा उचल आणि राज्याबाहेर चालती हो!"

भागूनं सारं गाव पालथं घातलं. तिला पाहताच लोक दारं लावून घेत.

आठव्या दिवशी ती एकटीच आली. हातात फडक्यानं झाकलेला पिंजरा.

"साक्षीदार कुठाय?" राजानं विचारलं.

"येतोय, सरकार. आपण घरोघरी पोपट दिलात, राजवाडाच तेवढा राहिला होता. म्हणून राणीसाहेबांना बांगड्या भरायला गेले, तेव्हा हा आपल्या शयनगृहात पडद्यामागे टांगून आले. आठ दिवस ऐकतोय. बोलता करू?"

राजा ताडकन उठला. "माझ्या शयनगृहात? कुणाला विचारून? म्हणजे गादीखालच्या लाडवांचं पण..."

महिन्यापूर्वी महाराजांचं गोड बंद करणाऱ्या राजवैद्यांनी हळूच मान वर केली.

"मुरगळा त्याची मान! मला पोपट नको! नको म्हणजे नको!"

भागूनं हात जोडले. "मिळाला साक्षीदार!"

तिनं फडकं ओढलं. पिंजरा रिकामा!

"पोपट आत गेलाच नव्हता, महाराज. नुसत्या नावानं आपल्याला घाम फुटला. आमच्या घरात तो वर्षभर बसलाय! आता सांगा, आपल्या मनात कसलं पाप होतं?"

राजानं वैद्यांकडे पाहिलं, भागूकडे पाहिलं आणि तो पोट धरधरून हसू लागला.

"पाप नव्हतं गं बाई, बेसनाचे लाडू होते!"

त्याच दुपारी गावातले सगळे पिंजरे उघडले आणि पोपट कायमचे रानात सोडले. प्रधानजींच्या मेहुण्याला तेलाचे बुधले परत घ्यावे लागले. भागूला राजवाड्याची कासारीण म्हणून मान मिळाला आणि वर भरजरी लुगडं. लाडवांचा डबा मात्र वैद्यराज घेऊन गेले!