खाली बसलेली दाढ

आवाजच वेगळा आला.

नऊ वर्षांच्या गार्गीच्या एकेका दाढेवर हेमांगी आरशाच्या दांड्यानं टकटक करत होती. बाकीच्या ठक्क बोलल्या. ही एक दुधाची दाढ टण्ण वाजली... आणि हेमांगी दचकली. नीट पाहिलं, तर शेजारणींपेक्षा खाली बसलेली. एक्स-रेत त्याहून वाईट: तिच्याखाली पक्का दात नव्हताच.

"सर, दाढ हाडाला चिकटलीय. खाली खाली चाललीय. काढायची ना?"

मुजावर सर चष्मा पुसत होते. मुलांच्या दातांत चाळीस वर्षं घालवलेला माणूस. घाई म्हणून ठाऊक नाही.

"किती खाली?"

"एक मिलिमीटर."

"कधीपासून?"

"...आजच तर पाहिली, सर!"

"मग चाललीय, हे कुणी सांगितलं?"

हेमांगीच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. चार महिने झाले या दवाखान्यात येऊन. प्रश्न विचारावा, तर बदल्यात प्रश्नच हातात. कॉलेजात निदान उत्तरं तरी मिळायची.

"अहो डॉक्टर," गार्गीची आई कातावली, "काढा नाहीतर ठेवा, पण एकदाचं ठरवा. पोरीची शाळा बुडालीय."

सर उठले. गार्गीला खुर्चीतून उतरवून भिंतीशी उभं केलं. तिथं पेशंट पोरांच्या उंचीच्या रेघा पेन्सिलीनं मारलेल्या होत्या. गार्गीची दुसरीतली रेघ आता तिच्या भुवईशी आली.

"काय गं, ही रेघ खाली गेली?"

"काहीतरीच काय आजोबा!" गार्गी फिस्सकन हसली. "मी उंच झाले."

सरांनी हेमांगीकडे पाहिलं. गार्गीच्या हातावर मूठभर फुटाणे ठेवले, आणि आत हात धुवायला गेले.

झालं! हे उत्तर?

दाढ जागच्या जागीच आहे, भोवतीचा जबडा वाढतोय, शेजारणी वर चढतायत. कळलं. पण पुढं काय? ठेवली, आणि शेजारच्या दाढा तिच्या अंगावर कलल्या तर? काढली, तर त्या जागी पोरीला जन्मात दुसरा दात यायचा नाही. आणि नाही काढली, तर उद्या नाव कुणाचं खराब? हेमांगीचं!

त्यापेक्षा काढून मोकळं व्हावं. तिनं गार्गीला पुन्हा खुर्चीत बसवलं. भुलीचं इंजेक्शन भरलं.

"सर!"

आत नळ वाहत होता.

"सर, मी काढतेय हं!"

गार्गी नेमकी त्याच बाजूनं फुटाणे कुडुमकुडुम चावत होती.

"सर... ऐकताय ना?"

नळ बंद झाला.

"सुई ठेव खाली, बेटा," आतून आवाज आला. "आणि मला सांग... दुखतंय कुणाला?"